उसनी नजर

शिराळा,
ता. १७ जानेवारी १९४५

हवालदारसाहेबांस राहीचा नमस्कार, आणि तुमच्या वाटणीचा तिळगूळ.

इकडं सगळी खुशाल आहेत. मामंजींचा खोकला उतरला. गुऱ्हाळ सुरू झालंय, त्यामुळं घरभर काकवीचा वास. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. शाळेत मुली वाढल्या म्हणून मला आता दोन वर्ग एकदम सांभाळावे लागतात. तुमचा हात दुखावल्यामुळं इस्पितळात सिद्धूभावजी तुमची पत्रं वाचून-लिहून देतात, असं कळवलंत. त्यांचं अक्षर छान आहे.

पुण्याच्या एका मासिकानं माझी मेंढरांची गोष्ट घेतली. जतकडचा बिराप्पा धनगर मेंढरांमागं डोंगर चढत चढत चंद्रावर पोचतो, ती. मागच्या रजेत ती ऐकून तुम्ही विचारलं होतंत, "तुला हे सुचतं तरी कुठनं?" तेव्हा मी नुसतीच हसले. खरं तर मला सुचत काहीच नाही. बिराप्पा शाळेमागच्या टेकडीवर चढताना दिसायचा. मी मनाशी म्हणाले, हा असाच वर वर गेला तर? समोर दिसतं त्याला एक 'तर' जोडायचा आणि पुढं त्या माणसाचं काय होतं ते बघत राहायचं. एवढंच.

तुमचं मागचं पत्र मिळालं. 'यायला लांबेल, माझी वाट बघू नको, सांगलीला माहेरी जाऊन राहा.' उत्तराला उशीर झाला, कारण नवी गोष्ट लिहीत होते. संपादकांच्या आधी ती तुम्हाला सांगते. माझे पहिले ऐकणारे तुम्हीच.

शंभर वर्षांनंतर एक डॉक्टर असं यंत्र काढतो, की एका माणसाची नजर दुसऱ्याला घटकाभर उसनी देता येते. एका बाईचा नवरा लढाईत आंधळा झालेला असतो.

सिद्धूभावजी, वाचता वाचता थांबू नका. मला ठाऊक आहे.

तुमच्या पलटणीतले कोंडीबाभावजी रजेवर आले होते. चहा पुढं ठेवला तर कपाकडंच बघत बसले. मग म्हणाले, "वैनी, तुमच्या लालानं सांगू नगं म्हून शपथ घातलीया. पर मला घास गिळंना. त्येचं डोळं गेलं. तोंडबी भाजलंय. म्हणतोय, राहीनं मला असलं बघाय नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांवर पदर बांधून परसात चालून पाहिलं. रांजणावर आपटले. आत्याबाई धावत आल्या, "काय खूळ लागलं गं तुला?" मग सांगावंच लागलं. आम्ही दोघी तिथंच ओल्यात बसून रडलो. मामंजींना त्यांनीच सांगितलं. ते गोठ्यात गेले आणि बराच वेळ गाईच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले.

गोष्ट त्या रांजणापाशी सुरू झाली. आधी मी नवऱ्याचे डोळे बरे करून टाकले. वाचून पाहिलं तर खोटं वाटलं, फाडून टाकलं. आता ती अशी आहे. बाई आपली नजर त्याला देते. त्याला वाटतं, आता शेत दिसेल, नदी दिसेल. पण ती त्याच्यासमोर बसून त्याच्याकडंच बघत असते, म्हणून त्याला दिसतं त्याचं स्वतःचं तोंड. ज्याला तो भीत होता तेच. पण दिसतं ते तिला दिसतं तसं. तो कितीतरी वेळ बघत राहतो आणि म्हणतो, "एवढंच व्हय."

छापायची की नाही ते तुम्ही ठरवा. नको म्हणालात तर तुमच्या-माझ्यात राहील.

यंत्र आपल्याकडं नाही, म्हणून मलाच यावं लागतंय. सांगलीला मी जाणार नाही. रविवारी मामंजी आणि मी मोटारीनं कराड गाठतो, तिथून आगगाडीनं पुणे, थेट तुमच्या इस्पितळात. मी त्यांना तुमच्या शपथेचं सांगितलं. म्हणाले, "त्येनं घातली आसंल. आमी कुठं घेतलीया?"

तुम्ही भिंतीकडं तोंड करून निजलात तरी चालेल. मी पाठीशी बसेन. मात्र वळाल तेव्हा हळू वळा, कारण मी तिथंच असेन, अगदी जवळ.

तुमच्याकडं बघायला निघालेली,
राही