मोजणारा आणि लिहिणारी

मंगळवार, ४ मे

जाणार आहे. कळवून टाकलं.

दातांच्या डॉक्टरांचा फोन होता. म्हणाले, वहिनी, यंदा तुम्ही चला, आमच्यात एक माणूस कमी आहे. एक माणूस कमी! हे गेले त्याला चौदा महिने झाले. गेल्या वर्षी ती मंडळी कुठे गेलीच नाहीत. यंदा जातायत, आणि ह्यांच्या जागी मला बोलावतायत. बरं वाटलं. रागही आला.

अठरा वर्षं दर मे महिन्यात हे दोन दिवस समुद्राकाठच्या कड्यांवर पक्षी मोजायला जात. दरवर्षी मला विचारत, चलतेस का. दरवर्षी मी म्हणे, इस्पितळाच्या चादरी कोण धुवायला धाडणार? खरं तर मला पक्ष्यांत काडीचा रस नव्हता. आजही नाही. मला बघायचीय ती मास्तरीण.

बुधवार, ५ मे

मंडळी एकूण चारच. डॉक्टर आणि पोस्टातले भाऊजी ही एक जोडी. हे आणि मास्तरीण ही दुसरी. एकाने दुर्बिणीतून बघून मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. हे बघायचे, ती लिहायची. अठरा वर्षांत जोड्या बदलल्या नाहीत म्हणे. लग्नं टिकत नाहीत इतकी!

मास्तरीण निवृत्त झालीय. लग्न केलं नाही. हे गेले तेव्हा भेटायला आली होती, कोपऱ्यात बसून माझ्यापेक्षा जास्त रडली. ते मी विसरलेले नाही.

वाचनालयातून पक्ष्यांचं पुस्तक आणलंय. माझी शाळा पाचवीत सुटली, पुढचं सगळं माझी मी वाचत आले, त्यामुळे पुस्तकाला भीत नाही. कड्यावरचा काळ्या पाठीचा पक्षी घरटं बांधतच नाही. उघड्या दगडावर एकच अंडं घालतो. अंडं एका टोकाला निमुळतं, म्हणून धक्का लागला तरी गडगडत खाली न जाता जागच्या जागी फिरतं. हे तिच्यासमोर सहज सांगणार आहे.

शुक्रवार, ७ मे

डॉक्टरांच्या गाडीतून निघालो. मी मागे बसायला गेले, तर मास्तरीण म्हणाली, "वहिनी, पुढे बसा. ते पुढेच बसायचे, मागे त्यांना मळमळायचं."

मला माहीत नव्हतं. एकतीस वर्षांचा संसार, पण गाडीतून आम्ही कधी गेलोच नाही. बसने जायचो, तेही बहुतेक उभ्याने. माझ्या नवऱ्याला कशाने मळमळतं ते मला हिच्याकडून कळावं!

पुढे बसले. वाटेत अंड्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, अरे वा. ती म्हणाली, "हो, ते दरवर्षी सांगायचे." संपलं.

उतरण्याच्या जागी तिला आणि मला एकच खोली. ती सगळ्या वस्तू रांगेत मांडते— चष्मा, कंगवा, गोळ्या, पाण्याची बाटली. शिस्त! मी मुद्दाम माझी पिशवी मधेच ठेवली. मग लाज वाटली, उचलली.

शनिवार, ८ मे

सगळं लिहायचंय, हात थकलाय तरी.

सकाळी कड्यावर गेलो. समोर खाडीसारखी खाच, तिच्यापलीकडे उभा खडक, त्याला नैसर्गिक फळ्याच फळ्या, आणि फळीफळीवर पक्षी. दुकानात बरण्या मांडाव्यात तसे. वास असा की इस्पितळातल्या मळक्या चादरी बऱ्या. आणि कलकलाट.

मी आधीच सांगून टाकलं, ह्यांच्या जागी मी बसणार, बघायला. मला वाटलं वाद होईल. मास्तरीण म्हणाली, वहिनीच बसतील.

ह्यांची दुर्बीण मी नेली होती. डोळ्याला लावली तर सगळं धूसर. ती म्हणाली, उजव्या बाजूचं कडं फिरवा, ते त्यांच्या डोळ्याला लावलेलं असेल. फिरवलं. पक्षी एकदम स्वच्छ दिसले, पाय मोजावेत इतके. मग ध्यानात आलं— ते कडं ह्यांच्या डोळ्यावर थांबलेलं होतं. चौदा महिने तसंच होतं. मी पुसून टाकलं, तिच्या सांगण्यावरून.

त्यांचा नियम असा. मोजणाऱ्याने दुर्बिणीतून डोळा काढायचा नाही, लिहिणाऱ्याने मान वर करायची नाही. मोजणाऱ्याला चहासुद्धा लिहिणाऱ्याने हातात द्यायचा. तिने माझ्या हातात कप दिला तेव्हा मला दिसलं, अठरा वर्षं हा कप कोणाच्या हातात जात होता.

दोन फळ्या मोजल्या आणि म्हटलं, आता तुम्ही बघा, मी लिहिते. हिला किती जमतं बघूया. ती जरा थांबली. बसली, दुर्बीण लावली, तिसरी फळी मोजू लागली.

"बसलेला, बसलेला, उभा, अंड्यावर, बसलेला..."

ती ह्यांची चाल होती! हे वायरमन. घरी कोणाच्या तारा जोडत बसले की स्वतःशी पुटपुटत— लाल, लाल, काळी, हिरवी. तोच हेल, तीच मधली खरखर. माझ्या नवऱ्याचा हेल तिच्या तोंडात. मला सहन झालं नाही. नियम मोडून मी मान वर केली, तिच्याकडे रागाने बघायला.

आणि पलीकडे नजर गेली. खालून एक मोटरबोट गेली होती. दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर कलकलाट तसाच, पण आमच्या फळीवरचे सगळे उडून पाण्यावर उतरले होते. फळीवर नुसती उघडी अंडी आणि विष्ठेचे पांढरे ओघळ.

ती मोजतच होती. "अंड्यावर, बसलेला, बसलेला, उभा."

मी खाली बघून लिहीत राहिले. सव्वीस झाले. एकही नव्हता.

संध्याकाळी जेवताना डॉक्टरांनी आकडे वाचले. सव्वीस? बरं, म्हणाले. मी मूग गिळून बसले. दया आली म्हणून नाही. हातात काहीतरी आलं होतं, ते इतक्यात सोडवेना म्हणून.

रविवार, ९ मे

भाऊजी आणि डॉक्टर पुढच्या टोकाला गेल्यावर मी म्हटलं, "बाई, काल तिसरी फळी रिकामी होती."

ती दचकली नाही. विचारलं, केव्हापासून? मी म्हटलं, तुम्ही पाचव्या पक्ष्यावर होतात तेव्हापासून तरी. त्यावर ती चक्क हसली. मग सांगितलं. सहा वर्षं झाली. लांबचं सगळं धुरात गेल्यासारखं दिसतं, आता बरं होण्यातलं नाही. कागद नाकाशी धरून लिहिता येतं, तेवढं उरलंय. कड्यावर आली नाही तर वर्ष सरत नाही, म्हणून कोणाला बोलली नाही.

"त्यांना माहीत होतं," म्हणाली. "दुसऱ्या कोणाला नाही."

दुसऱ्या कोणाला नाही. म्हणजे मलाही नाही.

मी विचारलं, मग इथे बसून करायचात काय? म्हणाली, ते सांगत राहायचे. आकडा सांगून झाला की कोण कसा बसलाय, कोण शेजाऱ्याला टोचतोय, कोणाचं पिल्लू कडेशी आलंय, पाणी कुठे हिरवं, कुठे काळं. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. घसा बसायचा त्यांचा.

घसा बसायचा! आमच्या घरी वाढलं तर "पुरे", निघताना "येतो", आणि तापात विचारलं तर "बरंय". एकतीस वर्षांत मी त्या माणसाचा घसा बसलेला ऐकला नाही.

एवढा वेळ मला वाटत होतं, काही वेडंवाकडं निघालं तर काय. आता वाटतंय, तसं निघालं असतं तर निदान शिव्या घालता आल्या असत्या.

उठताना तिने विचारलं, "डॉक्टरांना सांगणार का? सांगा हवं तर. पण मग पुढच्या वर्षी मला आणणार नाहीत ते."

मी पिशवी खांद्याला लावली आणि पुढे झाले. उतारावर मात्र तिचा हात धरला. पडली असती तर माझ्यावर आलं असतं.

सोमवार, १० मे

कामावर. तीनशे चादरी, त्यातल्या अकरा फाटक्या.

बुधवार, १२ मे

पोटात दुखतंय, दुसरं काही नाही. मन म्हणतं, खोटे आकडे जाणं बरोबर नाही, सांगायला हवं. मन लबाड आहे. आकड्यांचं मला काय पडलंय? तिला त्या जागेवरून उठवायचंय मला. ती तिथे बसेल तोवर तिच्या कानात हे बोलत राहणार, आणि माझ्या कानात शुकशुकाट.

रविवारी परतताना ती म्हणाली होती, ऐकायचं असेल तर या माझ्याकडे, मला सगळं पाठ आहे. माझ्या नवऱ्याचं बोलणं उसनं घ्यायला मी तिच्या दारात जाऊ?

शनिवार, १५ मे

उद्या सांगते डॉक्टरांना.

रविवार, १६ मे

सांगितलं. चुगलखोर शाळकरी मुलीसारखी एका दमात.

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, ते आम्हाला सहा वर्षं माहीत आहे. त्यानेच सांगितलं होतं, आणि बाईंना कळू देऊ नका म्हणाला होता." सव्वीसचा आकडा त्यांनी केव्हाच खोडलाय, ती फळी ते स्वतः जाऊन मोजून आले.

मला जमीन फाटावी असं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, मग एकटे हेच का बोलत बसायचे तिच्याजवळ, तुम्ही का नाही?

"आम्ही म्हटलं होतं ना, आळीपाळीने बसू. तर म्हणाला, नको, मलाच बसू द्या. इथे तोंड उघडायची सवय झाली, तर घरीही उघडेल."

असं हे कधी म्हणाले, मी विचारलं.

शेवटच्या वर्षी, म्हणाले. परत निघताना.