काळीची टाकी

१२ एप्रिल ७३, गुरुवार
वडील, आमचे दादा, गेल्यापासून त्यांची मोटार, आमची काळी, गोठ्यातच उभी. आज पेट्रोलची टाकी काढली. आत गंजच गंज, बोट घातलं की पोपडे हातात. अण्णा सोसायटीतून आले, बघून म्हणाले, पुढच्या रविवारी सोलापूरचा भंगारवाला येतोय, चालती झाली तर ठेवू. थोरल्या भावापुढं काय बोलणार! नव्या टाकीचं नावच नको.

१४ एप्रिल, शनि.
आई म्हणाली, तांब्याची घागर चिंचेनं निघते, तर ही का न्हाय? स्वतःच्या वाट्याच्या पाण्यात चिंच कोळून दिली. दुष्काळी कामावरची बारीक खडी घातली, बोळा कोंबला, अन् हिसक्यांनी खडी आत घासली जावी म्हणून टाकी शेजारच्या महादूच्या बैलगाडीत बांधून कळंबच्या बाजाराला धाडली. महादू वैतागला, वाटभर खडखडाट, बैलं बिचकली म्हणे. पण ओतलं तर काळंकुट्ट पाणी, आत पत्रा दिसला. लई बरं वाटलं. टाकीचा वास आला अन् श्रावणात काळीतून रामलिंगाच्या देवळाला जायचो ते आठवलं. त्याच वासानं मला मळमळायचं, तरी गाडीत आधी मीच बसायचो.

१७ एप्रिल, मंगळ.
घात. टाकी अंगणात वाळत, मी शाळेत शिकवायला. टँकर आला. आईनं हंडे, कळशा, परात भरली अन् टाकी रिकामी दिसली म्हणून नरसाळं लावून तीही भरली. टँकर आल्यावर रिकामं काही ठेवायचंच न्हाय, गावाचा कायदाच तो. मी वाट्टेल ते बोललो. पाणी पिण्याजोगं न्हवतं, ती त्यात फडकं बुडवून काळी पुसत बसली. दादा बसायचे त्या बाजूनं आधी.

२१ एप्रिल, शनि.
पुन्हा गंज. महादू न्हाय म्हणाला, मीच खडी घालून हलवली, खांदे गेले. रेशनच्या रॉकेलनं विसळून बसवली. ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणली, हँडल मारलं. सुरू! उद्या येडशी स्टेशनपर्यंत चालवून बघायची.

२२ एप्रिल, रवि.
येडशीच्या अलीकडं, रस्त्याकडेला बसून लिहितोय. निघताना आई आली. दादांच्या वेळी ती कायम मागं, डबा अन् आम्हा पोरांसकट. आज पुढचं दार उघडून माझ्याशेजारी बसली, पदर सारखा केला. स्टेशन दिसायला लागलं अन् काळीनं आचके दिले, बंद. पाइपात गंज. फुंकून फुंकून तोंड पेट्रोलनं कडू.
भंगारवाल्याला घेऊन अण्णा मागून जीपनं आले. म्हणाले, "आई, उतर आता. पाहुणे खोळंबलेत."
आई समोर बघत म्हणाली, "एवढ्या वर्षांत आज पुढं बसले. मी न्हाय उतरायची."
भंगारवाला लिंबाखाली बिडी ओढतोय. पाइप पुन्हा काढलाय. आई अजून आतच.