दुखणं बोललं की मी

९ फेब्रुवारी

दाढ काढली. दुखणं तिथंच!

दातांचे डॉक्टर म्हणाले होते, अक्कलदाढच कानात ठणकतेय, काढली की सुटलात. काढून हातावर ठेवली. चांगली धडधाकट दाढ. कीड नाही, काळं नाही. मी बोळा चावत कसंबसं विचारलं, मग ही दुखत का होती? ते हात धूत होते. म्हणाले, चार दिवस बघू.

गळ्याच्या उजव्या बाजूपासून कानापर्यंत तीच कळ. गिळताना कुणीतरी आतून चिमट्यात धरून ओढतंय. अक्कल गेली, दुखणं राहिलं.

११ फेब्रुवारी

ताप १००.४. रोज संध्याकाळी, ठरल्या वेळेला. ताई माझ्यासमोर वाटी घेऊन बसली, पातळ भरवायला. बेचाळीस वर्षांची मी! आणि तरी तोंड उघडलं.

१४ फेब्रुवारी

घशाच्या डॉक्टरांकडे. तोंडात बॅटरी मारली, "आ करा, अजून आ." घसा किंचित लाल आहे, जानेवारीतल्या सर्दीचं उरलंसुरलं असेल म्हणाले. दुसऱ्या गोळ्या, सात दिवस. मानेला कुणी हातच लावत नाही. मी दाखवते इथं, इथं — आणि ते तोंडात बघतात.

१८ फेब्रुवारी

आज लॅबमध्ये अब्रू गेली.

सकाळचे उपाशीपोटीवाले रांगेत. एक म्हातारे गृहस्थ, शिरा दोरीसारख्या वर आलेल्या, डोळे मिटूनही सापडाव्यात. पट्टा बांधला, सुई धरली, आणि हात थरथरायला लागला. एकदा चुकलं. दोनदा. चौथ्या वेळी त्यांच्या कोपरापाशी निळं टेंगूळ. त्यांची बायको म्हणाली, "बाई, तुम्ही शिकाऊ आहात का?"

एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं मी रक्त काढतेय. रडणाऱ्या तान्ह्यांचं काढलंय, आयांना कळायच्या आत.

सरांनी (लॅब त्यांची, डॉक्टरही तेच, रिपोर्टवर सही त्यांची) मला बाजूला घेतलं. "काही दिवस आत काम करा. नमुने लावा." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी

ताईनं माझ्या दोन्ही पँट कंबरेत आत घेतल्या. मापाची फीत लावून बघितली, दुसऱ्यांदा बघितली. ती घरी पडदे शिवते, मापात चुकत नाही. पाच किलो गेलेत. खाते तर बकासुरासारखी, गिळतानाची कळ सोसून.

छाती धडधडते. बसल्या जागी, जिना चढून आल्यासारखी. घाम. गल्लीतल्या डॉक्टरांनी नाडी धरली, म्हणाले, "टेन्शन. या वयात बायकांना होतं." झोपेची गोळी. बाहेर येऊन त्यांच्या पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले. लोक मला चुकवून चपला घालत होते.

२२ फेब्रुवारी

दुखणं उजवीकडून डावीकडे आलं! रात्रीतून घर बदलल्यासारखं. उजवी बाजू नुसती ठसठसते, डावी हातही लावू देत नाही. उशी नको, ओढणी नको, वारा नको.

पसरतंय. दुसरं काय असणार? अशी माणसं मी रोज बघते. आधी घसा, मग गाठ, मग मोठ्या हॉस्पिटलच्या चिठ्ठ्या. मग वर्षभरानं त्यांचं नाव रजिस्टरात येत नाही.

ताईला सांगितलं नाही.

२३ फेब्रुवारी

हे लिहू नये. लिहिते.

लॅबमधून आले तर ताई म्हणाली, "सरांना फोन केला होता. तुला पंधरा दिवस सुट्टी हवी म्हणून सांगितलं." मला न विचारता! तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, माझ्या तोंडाला काय झालंय? तर म्हणे, "तुझ्याचसाठी करते ना सगळं."

झालं. तिथून जीभ सुटली ती सुटलीच.

आई-बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची. ताई एकवीसची. तिनं मला वाढवलं, तिनं शिकवलं, लग्न केलं नाही. हे ती स्वतः कधी म्हणत नाही. मावशी म्हणते, शेजारी म्हणतात, दर चार माणसांत कुणीतरी म्हणतंच — धाकटीपायी आयुष्य वेचलं हो पोरीनं. आणि मी तिथंच मान खाली घालून. आजवर.

आज म्हणाले, "मी मागितलं होतं? नऊ वर्षांची होते मी! तुला कुणी विचारलंच नाही म्हणून राहिलीस, आणि नाव माझं!"

शेजारच्या खिडक्या उघड्या होत्या. मी ओरडत होते आणि थांबता येत नव्हतं. खरं सांगायचं तर थांबायचंही नव्हतं.

ताईनं मशीनवरचा पाय उचलला. पडद्याची घडी घातली. कडेला कड लावून, नीट. म्हणाली, "दूध तापव. गोळी राहिलीय तुझी."

२४ फेब्रुवारी

लॅब उघडायच्या आधी गेले. किल्ली माझ्याकडे असते. पट्ट्याचं टोक दातात धरून दंड आवळला — दाढेच्या खड्ड्यातून कळ आली — आणि स्वतःचं रक्त काढलं. तिसऱ्या टोचण्याला मिळालं.

उभ्या नळीत भरून स्टँडला लावलं. ही ईएसआरची तपासणी सगळ्यांत साधी. एक तास थांबायचं आणि लाल किती खाली बसलं ते वाचायचं. अंगात कुठं सूज, कुठं आग असली की लाल भराभर बसतं. विसाच्या आत असेल तर ठीक. तासभर नळीकडे बघायचं नाही म्हणून बाटल्यांवर नावं चिकटवत बसले.

एकशे चार.

पुन्हा वाचलं. एकशे चारच. कागदावर आकडा लिहिला, नावाच्या जागी नुसती रेघ ओढली. तोच कागद सरांच्या टेबलावर गेला. मी ठेवला की चुकून गेला, मलाच माहीत नाही.

सर बाहेर आले. "हे कुणाचं?"

"माझं."

त्यांनी चष्मा काढला. खुर्चीवर बसवलं, मागे उभे राहिले, आणि दोन्ही हातांची बोटं माझ्या गळ्यावर ठेवली, घाटीच्या खाली. मी किंचाळले! काउंटरवरची पोरगी धावत आली.

"दात नाही, घसा नाही," सर म्हणाले. "ग्रंथी आहे ही. थायरॉईड. दगडासारखी झालीय." मग स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाले, "पंचवीस वर्षांत माणसाला हात लावला नव्हता मी. नुसत्या बाटल्या."

उरलेल्या रक्तावर थायरॉईडची तपासणी लावली. टीएसएच जवळजवळ शून्य, म्हणजे रक्तात थायरॉईडचा रस उतू चाललाय. बाकीचे दोन आकडे दुपटीच्या वर.

दगडासारखी म्हणाले. गाठच ना मग ती?

२६ फेब्रुवारी

ग्रंथींच्या डॉक्टरीणबाई. सरांनी स्वतः फोन करून वेळ घेतली. ताई बरोबर आली. रिक्षात आम्ही दोघी दोन बाजूंनी बाहेर बघत.

बाई माझ्याहून लहान असतील. सगळं पहिल्यापासून विचारलं. सर्दी कधी, दुखणं आधी कुठं, मग कुठं सरकलं. मानेचा स्कॅन आदल्या दिवशीच करून घेतला होता, शिरेतून औषध देऊन ग्रंथी ते ओढून घेते का बघायचा; चालू ग्रंथी त्यात उमटते. फिल्म उजेडासमोर धरली. ग्रंथीच्या जागी काहीच दिसत नव्हतं. मी म्हटलं, "कॅन्सर आहे का? स्पष्ट सांगा."

"नाही. तो सहसा असा दुखत नाही, आणि असा या बाजूकडून त्या बाजूला चालत तर नाहीच जात. सर्दीच्या विषाणूनंतर कधीकधी ग्रंथीला सूज येते. ही ती." चिठ्ठीवर लिहिलं: सबअ‍ॅक्यूट थायरॉयडायटिस.

मी लॅबवाली, म्हणून आगाऊपणा केला: आकडे वाढलेत तर थायरॉईड दाबायच्या गोळ्या लागतील ना? म्हणाल्या, "अजिबात नाही. तुमचा कारखाना जास्त चालत नाहीये, तो बंद आहे. म्हणून तर फिल्म कोरी. गोदामाची भिंत फुटलीय आणि साठवलेला माल रक्तात वाहतोय. धडधड, थरथर, घाम, सगळं त्याचं. माल संपला की उलटं होईल. थंडी, सुस्ती, उदासी. तेव्हा घाबरायचं नाही."

सुजेसाठी स्टिरॉईड, धडधडीसाठी वेगळी गोळी. मग ताईकडे वळून म्हणाल्या, "या दिवसांत माणूस फार चिडतं. तोडून बोलतं. मनाला लावून घेऊ नका."

ताई म्हणाली, "नाही घेतलं."

१ मार्च

दुखणं गेलं!! दोन दिवसांत! सकाळी पाणी प्यायले आणि घोट उतरल्यावर लक्षात आलं — दुखलं नाही. आणखी एक ग्लास प्यायले, नुसतं गिळायचं म्हणून.

ताईला सांगितलं. "बरं झालं," म्हणाली. पूर्वी तिनं मला मिठीत घेऊन खोलीभर नाचवलं असतं.

५ मार्च

आज धीर केला. म्हटलं, ताई, त्या दिवशीचं...

"दुखणं बोललं ते. तू नाही." आणि सुईत दोरा ओवायला लागली.

हे जास्त लागलं. कारण मला ठाऊक आहे. ग्रंथीनं फक्त दार उघडलं असेल, आत जे होतं ते कितीतरी वर्षांचं माझंच होतं. हे कुणाला सांगू? डॉक्टरीणबाईंना? त्याची तपासणी निघालेली नाही.

१९ मार्च

तोंड भोपळ्यासारखं सुजलंय. स्टिरॉईडनं. आरशात कुणी भलतीच. दुखत तर नाही, मग कशाला घ्यायच्या? मनानंच निम्म्या केल्या.

२४ मार्च

भोगा आता! तीच कळ, तोच कान. बाईंनी झाडलं नाही, नुसतं म्हणाल्या, "दुखणं थांबलं होतं, सूज थांबली नव्हती. मी सांगेन तशाच, हळूहळू उतरवायच्या." पुन्हा पहिल्यापासून. ताईनं भिंतीवर कागद लावलाय, रोजच्या गोळीपुढे खूण.

२ मे

शेवटची गोळी. मान शांत.

१९ मे

थंडी वाजते. बाहेर लोक घामानं निथळताहेत आणि मी स्वेटर घालून.

२७ मे

लिहिण्यासारखं नाही काही.

८ जून

ताई हाक मारते. ऐकू येतं. उत्तर द्यायचं ठरवेपर्यंत ती निघून जाते. आवाज घोगरा, बाप्यासारखा. केस फणीत येतात. लॅबमध्ये पुन्हा सुई हातात दिली सरांनी, हात थरथरत नाही — पण कुणाचा आहे हा हात?

बाईंनी सांगितलं होतं, उदासी येईल. सांगितलं म्हणून ती कमी होते थोडीच. सकाळी डोळे उघडतात आणि वाटतं, कशाला? एका बाईचं आयुष्य खाल्लं, वर तिच्या तोंडावर थुंकले, आणि ती माझ्यासाठी चादर आणून पायांवर टाकतेय. मी नसते तर तिचं घर असतं, माणूस असता, पोरंबाळं असती. मी नसते तर. दिवसभर हेच, जात्यासारखं.

१२ जून

टीएसएच सव्वीस; पाचाच्या आत हवा. मीच लावला, मीच वाचला. म्हणजे माल संपला. बाईंना फोनवर सकाळच्या विचारांचंही सांगितलं. एकदम गंभीर झाल्या, रोज फोन करायचा म्हणाल्या, एकटीनं बसायचं नाही. कमी पडलेला माल भरून काढायला सकाळी उपाशीपोटी एक लहान गोळी, काही महिन्यांपुरती.

मागून ताई ऐकत होती. आजपासून माझं अंथरूण तिच्या मशीनशेजारी.

१५ जुलै

मशीनची घरघर ऐकत झोपले. भूक लागली.

२२ ऑगस्ट

गोळी बंद करून बघायची म्हणाल्या. सुईचा हात हलका झालाय पुन्हा. एका मुलीनं विचारलं, टोचलंत का? टोचून, काढून, कापूस लावून झाला होता!

ताई आणि मी, भाजी, पाणी, लाईट, खिडक्यांची मापं. बस, एवढंच बोलतो.

५ ऑक्टोबर

टीएसएच २.१. बिनगोळीचा. ईएसआर बारा. बाई म्हणाल्या, "बऱ्या झालात. सहा महिन्यांनी एकदा तपासा." सरांनी रिपोर्टवर सही केली आणि या खेपेला नावाच्या जागी नाव होतं. घरी येऊन ताईला कागद दाखवला. तिनं चष्मा लावून आकडे वाचले, जसं काही तिला कळतातच.

आनंद व्हायला हवा होता. आता दुखण्यावर ढकलायलाही काही उरलं नाही.

६ ऑक्टोबर

सकाळी मशीन थांबवून, मान वर न करता ताई म्हणाली, "त्या दिवशी म्हणालीस, मला कुणी विचारलंच नाही. विचारलं होतं. कापडाच्या दुकानातला. धाकटीलाही घेऊन या म्हणाला, तुझ्यासाठी खोली रंगवून ठेवली होती त्यानं. मीच नको म्हटलं. मला लग्नच नको होतं गं, कुणाशीच. एवढं कुठं सांगता येत होतं तेव्हा? लोकांना सांगायला तू बरी होतीस. तेहतीस वर्षं बरी होतीस. तू आजारी होतीस तेव्हा म्हटलं, बरी झाली की सांगू."

मग म्हणाली, "आता तू जा हवं तिथं."

मी विचार करतेय. मला कुठं जायचंय, हे मी कधी ठरवलंच नव्हतं.