मशिनला लावलेलं कुंकू

२ ऑक्टो., दसरा
कारखान्यात पूजा. आत कुंकू जायला नको म्हणून माझ्या मशिनचं तोंड मी सकाळीच प्लास्टिकनं बांधून ठेवलं होतं. मालकांचा मेव्हणा शिवराज, त्यानं ते फाडलं. "देवाला तोंड बांधून पुजत्यात व्हय?" मालकांच्या आईनं, अव्वांनी, हळद-कुंकू नेमकं ड्रिल धरतं तितंच लावलं. मायेनं लावलं, त्यांना काय म्हणायचं. मी मालकांकडं बघितलं. ते नारळ फोडत होते.

४ ऑक्टो.
कुंकू तेलात भिजून आत गेलंय. वरनं पुसून निघत न्हाय. आमचा माल म्हंजी नोझल, त्याची भोकं केसासारखी बारीक, ड्रिल जरा हाललं की भोक लांबट. मालकांना म्हणलं, एक दिवस द्या, खोलून धुते.
"माल उद्या जायचाय सुनंदाबाई. देवाचं कुंकू हाय, काय होतंय."
चालू केलं. ड्रिलं मोडत राहिली. माल गेला.

१३ ऑक्टो.
सगळा माल परत. माल घेणाऱ्या कंपनीचा साहेब पुण्याहून येणार. मालक हळूच जवळ येऊन, "ऑपरेटरची चूक म्हणा. सगळ्यांचं काम ऱ्हाईल. अव्वांचं नाव कसं घेऊ, तुमीच सांगा."
माझं घेता येतंय की.
इतक्या वर्षांत माझ्या हातचा एक नग परत आला न्हवता. जीव जळतोय नुसता.

१५ ऑक्टो.
साहेब आले. "मशिनवर कोण होतं?" म्हणलं, मी होते. पुढं सांगणार, तर मालकच बोलायला लागले. साहेबांनी मान हालवली. झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मशिन शिवराजकडं, मी पॅकिंगला.
मंद्रूपहून आईचा फोन. बरं हाय म्हणलं.

१८ ऑक्टो.
अव्वांनी शेंगापोळी पाठवली. वर निरोप, "सुनंदानं मशिन सोडलं म्हणं, कंटाळली व्हय?" त्यांना कुणी सांगितलंच न्हाय. पोळी खाल्ली मी.

२७ ऑक्टो.
दिवाळीनंतर कारखाना चालू. शिवराज सकाळपासनं ड्रिलं मोडतोय. कुंकू आतच हाय, अजून कुणी खोललं न्हाय. दुपारी मालक पॅकिंगच्या टेबलापाशी.
"या की जरा. तुमचा हात लागला की ऐकतंय ते."
म्हणलं, आधी साहेबांना फोन लावा. अव्वांचं नाव घेत न्हाय मी. खोलायला एक दिवस मागितला, तुमी दिला न्हाय, एवढंच सांगते. मग येते.
मालकांनी खिशातनं फोन काढला. हातातच धरून उभे. पलीकडं अजून एक ड्रिल मोडल्याचा आवाज. मी पुढचं खोकं घेतलं आन् चिकटपट्टी लावायला लागले.