देस्पिनाच्या छपरावरचा बर्फ

स्तोइल,

चुलीवर घेवड्याचं सूप आहे, गरम करून घे.

सकाळी अंगणातून पाहिलं. आपल्या छपरावरचा बर्फ वितळलाय, म्हणजे चुलीची सगळी ऊब वरून निघून जातेय. समोर देस्पिनाच्या छपरावर मात्र वीतभर बर्फ जसाच्या तसा! ‘बिचारी एकटी विधवा’ म्हणून तिच्या माळ्यावर तू ऊब अडवायला लोकर अंथरून आलास. आपल्या माळ्यासाठी तुला वीस वर्षांत वेळ मिळाला नाही.

मग मी माझी लग्नातली पेटी उघडली. आईने दिलेली लोकर त्यात नाही.

तेव्हा आजपासून मी माझ्या लोकरीखाली झोपणार. देस्पिनाला सांगितलंय, नाही म्हणायला तिला तोंडच नव्हतं. काही बोलायचं असेल तर तिकडे ये. वाट तुझ्या पायाखालचीच आहे.

मिल्का