गिऱ्हाईक पाठवायचं नाही

४ फेब्रुवारी

धाकटीने पैसे मागितले! चौतीस वर्षांत पहिल्यांदा. सकाळी ऑफिसात आली, माझ्या टेबलासमोर पाहुण्यांच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बाबा, मला डोळे बनवायचेत."

खोटे डोळे. ज्यांचा एक डोळा गेलाय त्यांच्यासाठी, एकेक हाताने रंगवून. चार वर्षं कुणा कारागिराच्या हाताखाली शिकत होती ते हेच. मी समजत होतो चष्म्यांचं दुकान काढणार! मी जन्मभर पाण्याचे पंप विकले. पंप सगळ्यांनाच लागतो. डोळा कितीजणांना लागणार? विचारलं तसं. "ज्याला लागतो त्याला फार लागतो," म्हणाली.

देतो म्हटलं. तर अटी तिच्या! वर्षभर तिच्या जागेत पाऊल टाकायचं नाही. आपला माणूस बसवायचा नाही. गिऱ्हाईक पाठवायचं नाही. "मोडलंत तर त्याच दिवशी कुलूप." पैसे माझे आणि दमही मलाच. मी मुकाट्याने हो म्हटलं. ही पोर आमच्या घरात एवढी मोठी कधी झाली कोण जाणे.

५ फेब्रुवारी

गिऱ्हाईक पाठवायचं नाही – हे तिने सहजच म्हटलं असेल ना?

इथे लिहूनच टाकतो. बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. थोरल्याचं कॉफीचं दुकान. पैसे मीच घातले होते. उघडलं आणि पंधरा दिवस पोरगा नुसता माशा मारत बसला. मला बघवेना. कारखान्यातल्या सुपरवायझरला बोलावून सांगितलं – रोज वीस माणसं पाठव, पाळीपाळीने, बिल आपलं, तोंड बंद. गणवेश काढून जा म्हणावं, एवढी अक्कल मला होती. मी स्वतः त्या रस्त्याला फिरकलोही नाही, उगाच संशय नको.

कारखान्याची सुट्टी सोडली तर दुकान रोज गजबजलेलं! थोरला जेवताना गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचा. एकजण म्हणे साखर सात चमचे घालतो. मी पोट धरून हसायचो.

आणि दीड वर्षाने पठ्ठ्याने चालतं दुकान एका दिवसात बंद केलं! कारण काय, तर कंटाळा आला. कंटाळा! मी त्याला काय काय बोललो. धंद्याचं डोकं नाही, जिद्द नाही, आयतं मिळालेलं टिकवता येत नाही. तीन वर्षं झाली, अजून बोलतो. तो मान खाली घालून ऐकतो. आता दुसऱ्याच्या बेकरीत नोकरी करतो, पहाटे चारला उठतो. तेव्हा नाही येत कंटाळा.

१९ मार्च

धाकटीने जागा घेतली. उत्तरेला खिडकी हवी होती म्हणे, रंगाला तोच उजेड लागतो. ही जाऊन बघून आली. अट फक्त मला!

२ जून

कुणी येतं का तिच्याकडे? हिला विचारलं, तर "अहो, तुम्ही गप्प बसा." कसा बसू?

बरं, पाठवायचं मनात आणलं तरी पाठवू कुणाला? एक डोळा गेलेली वीस माणसं आणू कुठून?

२८ ऑगस्ट

राहवलं नाही. अट मोडली. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. जुनी ओळख, त्यांच्या हॉस्पिटलचे पंप माझेच. इकडचं तिकडचं बोलून म्हटलं, आमच्या धाकटीने हल्ली...

पुढे बोलूच दिलं नाही. "बरं झालं फोन केलात! अहो, तिच्याकडे दीड महिन्याची रांग आहे. माझी एक पेशंट आहे, तिचा नंबर जरा आधी लावायला सांगाल का?"

वशिला! माझ्या मुलीकडे! आणि मागतंय कोण? मी रुबाबात सांगून टाकलं, "तिच्या कामात मी पडत नाही." फोन ठेवला. उगाचच उठून उभा राहिलो.

२९ ऑगस्ट

दीड महिन्याची रांग!

४ फेब्रुवारी, बुधवार

वर्ष झालं. आज मला बोलावणं! "कोपऱ्यात बसायचं. बोलायचं नाही."

एकच खोली. खिडकीशी टेबल, त्यावर रंगांचे नखाएवढे ठिपके आणि दोन-चार केसांचे ब्रश. समोर एक शिवणकाम करणाऱ्या बाई. अकरा वर्षं काळ्या चष्म्यात काढलेल्या. धाकटी त्यांचा चांगला डोळा बघत होती. माणूस माणसाकडे इतकं नीट बघू शकतं हे मला माहीत नव्हतं. त्या डोळ्याला मी तपकिरी म्हणून मोकळा झालो असतो. तिने सात रंग लावले – त्यात हिरवासुद्धा! मग लाल रेशमाचा धागा घेतला, पिंजला, आणि त्यातला दिसेल न दिसेल असा तंतू चिमट्याने उचलून पांढऱ्यावर ठेवला. शीर! डोळ्यातली शीर! माझ्याकडे दिवसाला तीनशे पंप निघतात, पण असं काही माझ्या छपराखाली कधी घडलं नाही.

दुपारनंतर डोळा घासूनपुसून तयार झाला. बसवला. बाई आरशात बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "हा जरा थकलेला वाटतो हो."

"दुसराही थकलेलाच आहे," धाकटी म्हणाली. "जोडी लागायला हवी ना."

बाई हसल्या आणि दोन्ही डोळे हसले. मला रडू आलं, सरळ सरळ आलं. चष्मा पर्समध्ये टाकून बाई रस्त्यावर गेल्या.

धाकटी ब्रश धूत होती. मी म्हटलं, "तुला गिऱ्हाईक पाठवणं काही मला जमलं नाही बघ."

मागे न वळता म्हणाली, "म्हणून तर हाच धंदा निवडला, बाबा."

घरी येईपर्यंत एकच डोक्यात – धाकटीला ठाऊक आहे. मग थोरल्याला?

५ फेब्रुवारी, गुरुवार

कारखान्याला सुट्टी. बेकरीत गेलो. थोरला पिठाचे हात पुसत बाहेर आला. विचारलं सरळ.

"दुसऱ्याच महिन्यात कळलं, बाबा. गुरुवारी कुणीच यायचं नाही."

आणि तरी मला रोज त्या गोष्टी सांगायचास? "तुम्ही किती हसायचात!"

मग बंद तरी दीड वर्षाने का केलंस? "गुरुवारी तुम्हालाही सुट्टी असते ना. वाटायचं, एखाद्या गुरुवारी तुम्ही स्वतः याल."