मुळाच्या टोकाचा ठिपका

डॉक्टर, गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण मी रागावलोय, आणि तुम्ही ऐकून घ्या.

तुमच्या ओतूरच्या दातांच्या दवाखान्यात आता नव्या डॉक्टरीणबाई बसतात. जबड्याचा एक्स-रे कॉम्प्युटरवर येतो, दात किती कललेत ते मोजायचे हाडादातांवरचे ठिपके मशीनच टाकतं. तरी बाई अधूनमधून मला नजर टाकायला बोलावतात. परवा राजुरीची एक बाई लेकीला घेऊन आली. माझ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "काका, माझ्या एक्स-रेवर तुमीच रेघा मारल्या व्हत्या ना? त्यावरनं चार दात काढलं माझं. ओठ बघा कसं आत गेलंत. सासरी पहिल्यापासनं बोळकं म्हणत्यात मला." ती हसली. मला काही हसता येईना.

मी पाट्या रंगवणारा, शाळा सातवीतच सुटलेली. हात स्थिर म्हणून तुम्ही मला उजेडाच्या पेटीपुढं बसवलंत. एक्स-रेवर पारदर्शक कागद, त्यावर टोकदार पेन्सिल. तुम्ही मागं उभे राहून सांगताय, खालच्या पुढच्या दाताच्या मुळाचं टोक सगळ्यात लबाड. एक्स-रे बाजूनं काढलेला, त्यात पुढच्या चारही दातांच्या सावल्या एकात एक मिसळतात. ठिपका जरा सरकला की सरळ दात पुढं कललेला दिसतो, आणि शेजारचे चांगले दात जागेसाठी उपटले जातात. म्हणून आठ दिवसांनी, पहिला कागद न बघता, परत काढायचं. दोन्ही जुळले तरच पेशंटच्या दाताला हात लावायचा. एकदा मी पहिला कागद चोरून बघितला, तर तुम्ही दोन्ही टराटरा फाडलेत. "स्वतःचीच कॉपी करतोस?"

मग ही राजुरीची बाई पोर होती, तेव्हा तिच्या वेळी कुठं गेला होता तुमचा नियम? तिचे वडील कांद्याची काढणी टाकून आलेले, परत हेलपाटा नको म्हणत होते. मी म्हणालो, अजून एकदा काढतो. तुम्ही भरल्या दवाखान्यात माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "याचा हात चुकत नाही." आणि सोमवारी दात काढायचं ठरवून टाकलंत. नियम तुमचा, मोडलात तुम्ही, आणि बंदूक माझ्या खांद्यावर! दरवर्षी तुमच्या फोटोला हार घालतो. यंदा घालणार नाही.

परवा तिच्या लेकीच्या एक्स-रेवरचा मुळाच्या टोकाचा तोच ठिपका मला पटेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, मशीन दर वेळी तिथंच ठेवतं." मी म्हणालो, "दर वेळी एकाच जागी चुकत असेल तर?" आठ दिवसांनी दोघं वेगवेगळं बघू, तोवर दाताला हात लावायचा नाही, असं ठरलंय.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून उरलेलंही लिहितो. दवाखान्याची किल्ली माझ्याकडं असायची. दात काढायच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी एकटाच बसून त्या पोरीचा कागद परत काढला. ठिपका पहिल्यापेक्षा भलतीकडंच पडला. तुमचं घर दोन गल्ल्या पलीकडं होतं. पण चारचौघांत माझं तेवढं कौतुक आधी कुणी केलं नव्हतं, डॉक्टर. मी सांगायला आलो नाही. आणि परवा त्या बाईला मी एवढंच सांगितलं, की घाई डॉक्टरांनी केली.